भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणसाची ओळख पटवायचं तंत्र, कोणी आणलं?

डॉ. लालजी सिंह. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावचे, शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९४७. मी इथं कोल्हापुरात बीएस्सीच्या पोरांना झूलॉजी शिकवतो, दरवर्षी त्यांचं नाव घेतल्याशिवाय माझं लेक्चर पूर्ण होत नाही.

सुरुवात सापापासून झाली बघा. आमच्याकडं उसाच्या फडात मण्यार निघाली की माणूस चार पावलं मागं सरतो, पण ह्यांनी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमधले सारखे रिपीट होणारे तुकडे शोधले आणि त्यातून प्रोब, म्हणजे तसल्याच तुकड्यांना जाऊन चिकटणारा खुणेचा तुकडा, तयार केला. असे रिपीट माणसाच्या डीएनएतही असतात, प्रत्येकात कमीजास्त, म्हणून डीएनए कापून जेलीसारख्या थरातून विजेनं पळवला आणि वर तो प्रोब लावला की एक्सरे फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटतात, अगदी पाकिटावरच्या बारकोडसारख्या, आणि मुलाची प्रत्येक पट्टी आईकडं नाहीतर बापाकडं सापडायलाच पाहिजे. असाच बापपणाचा पुरावा त्यांनी केरळच्या कोर्टात दिला होता. पुढं राजीव गांधी हत्या, दिल्लीतलं नैना साहनी तंदूर हत्याकांड अशा केसेसमध्येही हे तंत्र वापरलं.

एडिनबरात बरीच वर्षं काढून १९८७ ला ते हैदराबादच्या सीसीएमबीत, म्हणजे पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेत आले, १९९८ ते २००९ डायरेक्टर होते. २००४ ला पद्मश्री. नंतर बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेव्हा पगार घेतला फक्त १ रुपया! हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये गेले.