वाचकांचे प्रश्न: वाळूवरच्या वळ्या

प्रश्न: ओहोटीला आमच्या पुळणीवर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या दिसतात. दोन वळ्यांत कुठे चार बोटं अंतर, तर कुठे वीतभर. लाटा मात्र कित्येक मीटर अंतराने येतात. मग या दोन्हींचा मेळ कसा बसतो? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: वरच्या लाटांमधलं अंतर मोजून हा मेळ बसणार नाही. तळाशी पाणी किती मागेपुढे हेलकावतं, ते पाहावं लागेल.

लाट पुढे जाते तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी जागच्या जागी गोल फिरतं. खोल जावं तसं ते वर्तुळ लहान आणि चपटं होतं, आणि तळाला नुसती ये-जा उरते. पाण्याची खोली ५ मीटर, लाट अर्धा मीटर उंच आणि दर ८ सेकंदांनी येणारी असेल, तर तळाचं पाणी सुमारे ८० सेंटिमीटर पुढे जाऊन तितकंच मागे येतं. त्याचा कमाल वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या घरात असतो. बारीक वाळू हलायला साधारण १५ ते २० पुरतात.

आता तळावर शिंपल्याचा तुकडा किंवा छोटासा उंचवटा असला, की त्यावरून जाणारं पाणी पलीकडच्या अंगाला भोवरा करतं. हा भोवरा खाचेतली वाळू उकरून माथ्याकडे लोटतो. पाणी उलटलं, की तो वाळूचा ढग घेऊन वर उचलला जातो आणि दुसऱ्या अंगाला नवा भोवरा तयार होतो. अशी दोन्हीकडून उकराउकर झाल्याने माथा टोकदार आणि खाच गोलसर होते. एक वळी उभी राहिली, की तिचा भोवरा शेजारी दुसरीची जागा आखून देतो.

जाड वाळूत दोन वळ्यांमधलं अंतर हेलकाव्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतं आणि उंची अंतराच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. बारीक वाळू मात्र मोठ्या हेलकाव्याला जुमानत नाही. तिथलं अंतर कणाच्या साधारण ५०० पटींवर अडकतं, म्हणजे ०.२ मिलिमीटरचा कण असेल तर १० सेंटिमीटर. तुमची चार बोटं त्याच्याच जवळची. वीतभर अंतर दिसतं तिथली वाळू चिमटीत घेऊन पाहा, बहुधा जाडसर लागेल.

पाण्याचा वेग सेकंदाला मीटरभर झाला, की वाळूचा वरचा थरच वाहायला लागतो आणि वळ्या पुसल्या जातात. लाट फुटून वर चढते तो पट्टा गुळगुळीत असतो तो यामुळेच.

प्रश्न: काही वळ्यांची एक बाजू उतरती आणि दुसरी उभी का असते?

उत्तर: तिथे पाणी एकाच दिशेने वाहून गेलेलं असतं. उभी बाजू, साधारण ३० अंशांची, पाणी गेलं त्या दिशेला असते. दोन्ही बाजू सारख्या आणि माथे मधूनच बेचक्यासारखे फुटलेले दिसले, तर ते लाटांचं काम. एक व्यवहाराची गोष्ट: पुळणीवरच्या खोलगट पाटात उभ्या बाजू समुद्राकडे दिसल्या, तर पाणी तिथून बाहेर पडतं. भरतीत त्या जागी पोहायला उतरू नका.

प्रश्न: शाळेत हे करून दाखवता येईल का?

उत्तर: येईल. ६० सेंटिमीटर लांबीची माशांची टाकी घ्या. बारीक वाळू रव्याच्या चाळणीने चाळा आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवा. न धुतलेल्या वाळूने पाणी गढूळ होतं आणि भोवरा दिसतच नाही. वाळूचा थर ३ सेंटिमीटर, वर पाणी १० सेंटिमीटर. एका टोकाला लाकडी फळी उभी धरून हलके रेटे द्या, १२ सेकंदांत १०. या मापाच्या टाकीत पाण्याचा स्वतःचा झोका १.२ सेकंदाचा असतो, त्यामुळे थोड्या जोरावर भागतं. पाणी २० सेंटिमीटर भरलंत, तर झोका सुमारे एक सेकंदावर येतो आणि जुन्या तालाने फारसं काही होत नाही. टोकाशी पाणी २-३ सेंटिमीटर चढायला-उतरायला हवं. अशाने ५ ते ७ सेंटिमीटर अंतराच्या वळ्या मिळाव्यात.

टाकी उचलून डोलवू नका, काचेचे सांधे उकलतात. खरं तर भांडं डोलवण्याची युक्ती जुनीच आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एअर्टन यांनी तिच्या आधारे वळ्यांचा अभ्यास केला आणि १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध वाचला. तिथे स्वतःचा निबंध स्वतः वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला.

वळ्या टाकीच्या मध्यावर उठतील, टोकांना वाळू सपाटच राहील. त्यात तुमची चूक नाही: टोकांना पाणी फक्त वरखाली होतं, मागेपुढे जातं ते मध्यावर. थर २ सेंटिमीटरहून पातळ असला तर खाचेत काच उघडी पडते आणि वाढ थांबते. खाचेत पोटॅशियम परमँगनेटचा एखादा कण टाका. जांभळी रेघ माथ्यामागे गुंडाळली जाते, आणि पाणी उलटलं की उसळून वर येते.