शरण कुणी यायचं?

इचलकरंजीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: ‘बातम्यांत निर्वासित, शरणार्थी, आश्रयार्थी, स्थलांतरित, घुसखोर असे शब्द एकाच परिच्छेदात येतात. मुलं विचारतात, ही एकाच माणसाची नावं की माणसंच वेगळी? आणि शरणार्थी हा शब्द मराठी मानायचा का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. शरणार्थी संस्कृत आहे, त्यामुळं त्याला परका म्हणता येत नाही. पण मराठीच्या तोंडात तो नीट बसत नाही, आणि त्याला कारण ‘शरण’. अंबाबाईला शरण जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. माणूस माणसाला शरण गेला, की मात्र आपल्याला हार दिसते. 1971 सालचंच बघा. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं जीव वाचवून भारतात आली आणि डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी सैन्य शरण आलं. दोघांनाही ‘शरण’ चिकटवलं तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? मराठीनं सैन्याला शरणागती दिली आणि त्या बायाबापड्यांना निर्वासित म्हटलं.

माझ्याकडं राजारामपुरीतल्या मामांना त्या काळात आलेलं एक पाकीट आहे. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट, त्यावर ‘शरणार्थी सहायता’. आत पत्रात काका कुरकुरतात, ‘आता निर्वासितांचे पाच पैसे वेगळे चिकटवावे लागतात.’ सरकारची हिंदी पाकिटावर, घरातली मराठी आत.

निर्वासित म्हणजे ज्याला वस्तीतून बाहेर काढलं तो. ‘निर्वास’ मुळात हद्दपारीच. हा शब्द मागं बघतो, त्या माणसावर काय गुदरलं ते सांगतो. शरणार्थी पुढं बघतो, तो आपल्याकडं काय मागतोय ते सांगतो. फाळणीनंतर उत्तरेत आलेल्या पंजाब्यांना म्हणूनच शरणार्थी झोंबायचा, ‘आम्ही पुरुषार्थी’ म्हणायचे ते.

आपल्याकडं निर्वासितांचा नमुना कोल्हापूरजवळच आहे. वळिवड्याला 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बाया-मुलंच जास्त. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं. निर्वासित हा शब्द त्यांना अक्षरशः लागू पडतो. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी आले आणि गांधीनगर झालं. कापड घ्यायला गेलो असताना बोलता बोलता मी एका दुकानदाराला ‘तुम्ही निर्वासित मंडळी’ म्हणून गेलो. गज न थांबवता तो म्हणाला, ‘निर्वासित आमचा आजा हो. माझा जन्म कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यातला.’ बरोबर बोलला. हा शब्द वारसाहक्कानं मिळत नाही. गंमत म्हणजे राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात त्याच्या आज्यासारख्यांसाठी ‘स्थलांतर’ केलेले असाच उल्लेख आहे आणि 1954 च्या भरपाईच्या कायद्यात ‘विस्थापित’.

आश्रयार्थी आणि निर्वासित यांतला फरक मात्र खरा आहे. ‘मायदेशी माझा छळ होईल, मला राहू द्या’ असा अर्ज केलेला तो आश्रयार्थी. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांपायी छळाची ती भीती साधार आहे असं ठरलं, की तो निर्वासित. ही व्याख्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराची. भारतानं त्यावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. आपल्या कायद्यापुढं तो आधी परकीय नागरिक, पुढं त्याचं काय करायचं ते सरकार गटागटानं ठरवतं. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेट्यांना नोंदणीचा दाखला मिळतो. रोहिंग्यांना सरकार ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ म्हणतं. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीवरच्या भाषणांत शरणार्थी पदोपदी होता. कायद्याच्या कलमात मात्र एवढंच, की तीन देशांतून 2014 अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना बेकायदेशीर स्थलांतरित समजू नये. निर्वासित तिथं नाहीच. भाषांतर करताना तो आपल्या पदरचा घालू नये.

पोटासाठी आलेल्याला ‘आर्थिक स्थलांतरित’ म्हणतात. शब्द कोरडा आहे, पण चालेल. पोटार्थी जवळचा वाटतो, फक्त त्यात तुच्छता आहे; पोटार्थी लेखक म्हटलेलं कुठल्या लेखकाला आवडतं? ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्यांना सरकारी कागद हंगामी स्थलांतरित म्हणतो, आपण ‘टोळी आली’ म्हणतो आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतो. माणूस मोजायचं माप हत्यार! असो.

राहिला घुसखोर. ‘खोर’ आपण कुठं लावतो? लाचखोर, चुगलखोर, भांडखोर. म्हणजे एकदा केलेल्या गोष्टीचं नव्हे, अंगी मुरलेल्या खोडीचं नाव. एखाद्यानं परवान्याशिवाय सीमा ओलांडली हे कृत्य झालं. घुसखोर म्हटलं की तो त्याचा स्वभाव ठरतो. हत्यारं घेऊन येणाऱ्या टोळ्यांना तो शोभतो. ज्याचा अर्ज अजून टेबलावर पडून आहे त्याला लावला तर निकाल आधीच लागला.

जाता जाता, ‘शरणार्थींना’ हे रूप हल्ली फार दिसतं. विद्यार्थ्यांना, तसंच शरणार्थ्यांना आणि आश्रयार्थ्यांना. मुलांनी ‘थ्यां’ सोडला तर गुण कापा.