वर्दी मिळेल, पण वावर कोण पाहील?

घाटंजी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. साडेचार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. मुलगा 23 वर्षांचा, अविवाहित, बी.ए. झालेला, कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केलेला. अग्निवीरच्या दोन भरत्या हुकल्या आणि वय निघून गेलं. आता कुणीतरी त्याला टेरिटोरियल आर्मीचं, म्हणजे प्रादेशिक सेनेचं नाव सांगितलं आहे. वडील लिहितात: ‘लोकं म्हंतेत दोन महिने ड्युटी अन् दहा महिने घरी. मंग पोराले वर्दीबी भेटन अन् वावरबी पाहता येईन. हे खरं हाय काय? एक जण काम करून देतो म्हणून दोन लाख मांगून राह्यला. कागदं त्याच्यापाशी देल्ले हायेत.’

भाऊ, आधी त्या दोन लाखांचं बोलते. एक रुपयासुद्धा देऊ नका. सैन्याच्या कोणत्याही भरतीत पैसे देऊन जागा मिळत नाही, प्रादेशिक सेनेतही नाही. धावणं, बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणं), छाती-उंची, कागदपत्रं, लेखी परीक्षा, मेडिकल, सगळं उमेदवाराच्या स्वतःच्या अंगावर असतं. असे एजंट शंभर पोरांकडून पैसे घेतात. त्यातली चार पोरं स्वतःच्या बळावर लागतात, त्यांचे पैसे हा खिशात घालतो आणि बाकीच्यांना पुढच्या भरतीचं गाजर दाखवतो. माझ्या ओळखीतल्या एका घरानं यात बैलजोडी घालवली आहे, म्हणून इतकं कळवळून लिहिते आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. प्रादेशिक सेना खरी आहे आणि मानाची आहे. 1948 मध्ये तिचा कायदा झाला आणि 9 ऑक्टोबर 1949 ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या होत्या. आपल्या नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यावर तिचीच बटालियन आहे. पण ती नोकरी नाही. सेना स्वतःच सांगते की हा रोजगार नव्हे; ज्याचं पोट दुसऱ्या कामावर चालतं, त्यानं देशासाठी दिलेला हा वेळ आहे.

हे असं का, ते समजून घ्यायला जरा मागं जावं लागेल. नागरिक-सैनिक ही फार जुनी गोष्ट आहे. आपल्याकडे दसऱ्याला शिलंगण करतात. शिवकाळात मावळातले कुणबी दसऱ्यानंतर मोहिमेवर निघत आणि पावसाच्या तोंडावर परतून नांगराला हात घालत. ग्रीसमध्ये इ.स.पूर्व 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणच्या फौजेला अडवणारे अथेन्सचे लोक पगारी शिपाई नव्हते. त्यांतले पुष्कळ जण शेतकरीच होते आणि ढाल-भाला त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला होता. म्हणजे शिपाई उभा राहायचा तो घरच्या पिकाच्या जोरावर.

हा जोर संपला की काय होतं, ते रोमनं पाहिलं. तिथंही फौज शेतकऱ्यांचीच होती. लढाया गावाजवळ, उन्हाळ्यापुरत्या होत्या तोवर ठीक चाललं. पुढे युद्धं समुद्रापार गेली आणि माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर राहू लागला. मागं वावर पडीक पडलं, कर्ज झालं, शेजारच्या धनवंतानं जमीन घशात घातली, असं तिथले जुने इतिहासकार लिहून गेले आहेत. देशासाठी लढून आलेल्या माणसाला स्वतःचं म्हणायला ढेकूळ उरलं नाही. टायबेरियस ग्रॅकस यानं इ.स.पूर्व 133 मध्ये जमीन परत वाटायचा कायदा आणला, तर त्याला ठार मारलं. कर्जापायी वावर जाणं म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगू? पण तुमचं पत्र वाचताना मला हीच गोष्ट सारखी आठवत होती.

आपल्या देशात तर नागरिक-सैनिक होण्याचा हक्कच भांडून मिळवावा लागला. इंग्रजांच्या काळात स्वयंसेवक पलटणी होत्या, पण त्या जवळजवळ सगळ्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. आम्हालाही घ्या, असा ठराव काँग्रेसनं 1886 सालीच केला होता. दार थोडं उघडलं ते पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये. मग 1920 च्या कायद्यानं भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतरच्या प्रादेशिक सेनेचं मूळ तिथं आहे.

आता ‘दोन महिने ड्युटी’ म्हणतात त्याबद्दल. वर्षाला सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण हे कागदावर खरं आहे. पण गरज पडली की सरकार अख्खी बटालियन सेवेत बोलावतं आणि इन्फंट्रीच्या, म्हणजे पायदळाच्या, बटालियन काश्मीर किंवा ईशान्येकडे वर्षानुवर्षं राहतात. बोलावलं असेल तोवर पगार आणि सवलती नियमित सैनिकासारख्याच. घरी पाठवलं की पगार बंद. पेन्शन हवी तर जवानाला प्रत्यक्ष सेवेचीच 15 वर्षं भरावी लागतात, घरी बसलेले महिने त्यात धरत नाहीत. तेव्हा दहा महिने घरी राहीन हा हिशोब धरू नका, आणि दर महिन्याला पगार येईल हाही धरू नका. दोन्हीपैकी काहीही होऊ शकतं.

1948 च्या कायद्यात एक चांगली सोय आहे. सेवेवर गेलेल्या माणसाला परत आल्यावर मालकानं जुन्या नोकरीवर घ्यायचं असतं. पण तुमच्या पोराचा मालक कोण? वावर. डवरणीच्या वेळी पोरगा बारामुल्ल्यात असेल, तर कोणता कायदा तुमच्या पऱ्हाटीतलं तण काढणार? सीतादहीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे पहिल्या वेचणीपासून हंगाम संपेपर्यंत, कापसाची वेचणी कोण सांभाळेल? म्हणून मुलाला धावायला पाठवण्याआधी घरात बसून हे ठरवा. तुमचं वय, तब्येत, धाकटा भाऊ असेल तर त्याचं शिक्षण, वावर ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) द्यावं लागलं तर हाती काय उरेल, हे सगळं कागदावर मांडा. त्याच्या आईलाही त्यात बसवा, कारण माणूस नसला की मजुरांमागं तिलाच फिरावं लागतं.

हे जमत असेल तर मात्र खुशाल जाऊ द्या, मी अडवणार नाही. जवानासाठी वयाची अट 18 ते 42 आहे, म्हणजे त्याच्या हाती अजून बरीच वर्षं आहेत. घाईत काही विकायची गरज नाही. पदवीधराला अधिकारी होण्याचीही वाट आहे, पण तिथं कमावता असणं ही अटच आहे. त्यानं आधी काही कामधंदा उभा करावा, मग तो अर्ज.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत सांगून टाकलीत, मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. तीन वर्षं एनसीसी केली म्हणता, तर त्याच्याकडे ‘सी’ सर्टिफिकेट आहे का आणि त्यावर ग्रेड कोणती आहे? ‘ए’ किंवा ‘बी’ असेल आणि पदवीला 50 टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून तो थेट सैन्यात अधिकारी होण्यासाठी अर्ज करू शकतो. त्याला लेखी परीक्षा नाही. अर्जांतून निवड झाली की पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, आणि मग मेडिकल. वय 19 ते 25 लागतं, म्हणजे इथं त्याच्याकडे जेमतेम दोन वर्षं आहेत. ही पूर्ण वेळची नोकरी आहे, पगार नियमित आहे, त्यामुळे वावराचा प्रश्नही वेगळा होतो: घरी पैसा येतो आणि सालदार ठेवता येतो. एसएसबी कठीण असते, बहुतेक मुलं तिथून परत येतात, हेही सांगून ठेवते. तरी पहिली धडक इथंच द्यावी असं माझं मत आहे. त्याच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या सरांना भेटा. हे प्राध्यापक कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन आलेले असतात, एरवी वर्गात शिकवतात आणि परेडला वर्दी घालतात. नागरिक-सैनिक कसा असतो हे पोरानं तीन वर्षं रोज पाहिलं आहे.

पण त्याआधी उद्याच त्या एजंटाकडे जा आणि मूळ मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, एनसीसीचं सर्टिफिकेट, जे काही दिलं असेल ते परत आणा. एकटे जाऊ नका, सरपंच किंवा पोलीस पाटलांना सोबत घ्या. दिले नाहीत तर तिथूनच पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कागद हाती आले की सर्टिफिकेटवरची ग्रेड मला कळवा, अर्ज कसा भरायचा ते मी पुढच्या पत्रात ओळीनं लिहिते.