वेल्डिंग कधीच केलेलं नाही. १९५१ च्या शेवरोले ट्रकच्या केबिनचा गंजलेला पत्रा स्वतः बदलता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: ट्रक ओहायोतला, शेवरोले ३१००. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या पायांखालचा पत्रा इतका खाल्लेला की बसल्या जागी खालचा रस्ता दिसतो. नवे तयार पत्रे विकत मिळतात हे तुम्हाला माहीत आहे, पण वेल्डिंगची बंदूक तुम्ही अजून हातात धरलेली नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ट्रकच्या किमतीच्या घरात जातोय, म्हणून विचारताय.

करता येईल. मी केलं आहे. माझा ट्रक १९५० चा, तुमच्याच घराण्यातला. शेवरोलेने १९४७ च्या उन्हाळ्यात आणलेली ही गोल गालांची केबिन १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली, त्यामुळे आपल्या दोघांच्या केबिनचा तळ जवळपास सारखाच आहे. मी मिशिगनमध्ये राहतो, हिशोब तपासण्याची नोकरी करतो आणि ट्रक घेतला त्या दिवशी मला आर्क (कांडीने करतात ते वेल्डिंग) आणि मिग (बंदुकीतून आपोआप सुटणाऱ्या तारेने करतात ते) यांतला फरकही माहीत नव्हता. कोल्हापूरला उद्यमनगरात मामांचं पत्र्याचं काम होतं, पण लहानपणी तिथे गेलो की मामा आधी लांब उभं करायचे आणि म्हणायचे, "तिकडं बघू नगंस." त्यामुळे पाहूनही काही शिकलो नव्हतो.

वेल्डिंगच्या आधी थोडं या केबिनबद्दल, कारण हा पत्रा का सडतो ते कळलं तर नवा टिकेल. या ट्रकची बॅटरी शेजारच्या माणसाच्या पायाखाली, पत्र्याच्या खालच्या बाजूला असते. वरून झाकण काढून तिथे पोचतात. सत्तर वर्षांत त्या बॅटरीच्या ॲसिडची वाफ आणि थेंब कुठे गेले असतील ते तुमच्या पत्र्यावर लिहिलेलंच आहे. ड्रायव्हरच्या बाजूला ब्रेकचा मास्टर सिलिंडरही असाच खाली, त्यालाही वरून झाकण. वर रबराची चटई, तिच्याखाली नमदा. काचेसमोरच्या हवेच्या झडपेचं रबर गेलं की पावसाचं पाणी आत येतं, तो नमदा ते पितो आणि महिनोन्महिने ओला राहतो. त्यात आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. पत्रा वरूनही खाल्ला जातो आणि खालूनही. म्हणून आधी त्या झडपेचं रबर बदला, मग पत्र्याला हात लावा.

आणि सगळ्यात आधी पेट्रोलची टाकी. १९४९ पासून या ट्रकांची टाकी केबिनच्या आतच, सीटच्या पाठीमागे उभी असते. म्हणजे तुम्ही जिथे ठिणग्या पाडणार तिथून हातभर अंतरावर. नुसतं पेट्रोल काढून भागत नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. टाकी सोडवा, नळीचं तोंड बंद करा आणि टाकी गॅरेजच्या बाहेर, घरापासूनही लांब ठेवा. बॅटरी तर काढावीच लागेल.

आता शिकण्याचं. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग लावला, आठ आठवड्यांचा. तुम्हीही लावा. चित्रफिती पाहून हात कसा हलवायचा ते कळतं, पण तुमची चूक तुम्हाला कोणी दाखवत नाही. आमचे शिक्षक पाठीमागे उभे राहून फक्त आवाज ऐकायचे. तार आणि करंट जुळले की कढईत मोहरी तडतडावी तसा एकसारखा, बारीक आवाज येतो. तार जास्त सुटत असेल तर ती पत्र्यावर आपटून बंदूक मागे ढकलते. तार कमी पडली तर टोकाशीच वितळून गोळा होतो. हा कान तिसऱ्या-चौथ्या दिवशी तयार झाला आणि पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडला.

मशीन घरच्या ११० व्होल्टवर चालणारं छोटं मिग पुरतं. पण गॅसची बाटली घ्याच, तिथे पैसे वाचवू नका; तो गॅस वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. बिनगॅसची, आत फ्लक्स (गॅसचं काम करणारी पूड) भरलेली तार स्वस्त पडते आणि उघड्यावर, वाऱ्यात चांगली चालते. मात्र ती जास्त गरम जाते आणि पातळ पत्र्याला भोकं पाडते. मी पहिला महिना तिच्यावर घालवला आणि मला वाटत राहिलं की माझ्याच हातात दोष आहे. पंचाहत्तर टक्के अर्गॉन आणि पंचवीस टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण, तार ०.६ मिलिमीटरची (दुकानात ०.०२३ इंच म्हणून मागा), गॅसचा प्रवाह मिनिटाला साधारण दहा लिटर. फ्लक्सच्या तारेवरून गॅसवर येताना मशीनच्या आतले धन-ऋण जोड उलटे करावे लागतात. साध्या तारेला बंदूक धन बाजूला हवी. हे कोणी सांगत नाही आणि माणूस दिवसभर ठिणग्या मोजत बसतो. पंखा बंद ठेवा, गॅरेजचं दार वाऱ्याकडून लावून घ्या, पण धूर कोंडेल इतकं बंद करू नका.

सराव जाड पट्टीवर नको. तुमचा नवा पत्रा अठरा गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर असेल. त्याच जाडीच्या पट्ट्या कापून घ्या. दोन पट्ट्या कडेला कड लावून जोडा, एक बाजू शिकंज्यात पकडा आणि दुसरी हातोडीने दुमडून मारत राहा. सांधा उकलला तर वितळलेलं लोखंड नुसतं वर बसलं होतं, आत शिरलं नव्हतं. सांधा टिकला आणि शेजारचा पत्रा फाटला तर तो सांधा गाडीत चालेल. माझ्या पहिल्या वीसेक पट्ट्या उकलल्या. त्या उकलायला हव्यात. गाडीखाली उकलण्यापेक्षा शिकंज्यात बरं.

मुख्य गोष्ट उष्णतेची आहे, आणि ती मला मामांनी फोनवर सांगितली. माझा पहिला खरा सांधा मी मोठ्या उत्साहाने सलग सहा इंच ओढला होता. दिसायला सुरेख. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पत्रा मधोमध फुगून वर आलेला, दाबला की टक् करून खाली जायचा, सोडला की पुन्हा वर. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि आपल्यासोबत आजूबाजूचा पत्रा खेचतं. सलग ओढलं की ती खेच एकाच रेषेत साठते. मामांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "तुझी आई ब्लाउज शिवताना आधी टीप घालती का कच्चा टाका?" मग म्हणाले, "एक टाका मारायचा, लांब दुसऱ्या टोकाला जायचं. हात लावून बघायचा. हात ठरत नसंल तर थांबायचं. पत्र्याला घाई चालत न्हाई."

मी तो तुकडा कापून काढला आणि नव्याने बसवला. चार कोपऱ्यांना चार टाके. मग त्यांच्या मध्ये. मग उरलेल्या जागांच्या मध्ये, असं करत टाके इंचभर अंतरावर आणले, आणि त्यानंतर प्रत्येक फटीत एकेक ठिपका, कधीही दोन शेजारी लागोपाठ नाही. एक हात बंदुकीवर आणि दुसऱ्या हाताचा मोजा काढलेला, असं काम चालतं. ड्रायव्हरच्या बाजूला मला पाच शनिवार-रविवार लागले. शेजारच्या बाजूला दोन.

जुना पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी चौकोनी नळी वेल्डिंगच्या टाक्यांनी लावून घ्या. तळ काढला की केबिनला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. चौकट हलली तर दार पुन्हा कधी नीट लागत नाही. दार बंद करून चहूबाजूंची फट मोजा आणि आकडे चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. एका वेळी एकच बाजू कापा. हा नियम मी मोडला नाही आणि तुम्हीही मोडू नका.

कुठपर्यंत कापायचं? टोच्या घ्या आणि गंजाच्या कडेपासून बाहेर टोचत जा. टोच्या आत शिरतो तिथपर्यंत पत्रा मेलेला. त्याच्या पुढे आणखी बोटभर जा, कारण तिथला पत्रा दिसायला चांगला असला तरी पातळ झालेला असतो आणि आर्क, म्हणजे तारेच्या टोकाची पेटती ज्योत, लागताच वितळून पडतो. तरीही नवा जाड आणि जुना पातळ असा सांधा येणारच. तिथे आर्क नव्या पत्र्यावर धरा आणि वितळलेलं लोखंड जुन्याकडे नुसतं सरकू द्या. भोक पडलंच तर मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही. माझ्याकडे तांब्याच्या पाइपाचा ठोकून सपाट केलेला तुकडा आहे, त्याने माझी निदान चाळीस भोकं बुजवली.

नवा पत्रा विकत आणला म्हणजे तो बसेलच असं नाही. माझा समोरच्या चढावर अर्धा इंच मोठा होता आणि झाकणाचं भोक थोडं सरकलेलं. आधी क्लॅम्पने बसवून पाहा, झाकण लावून पाहा, पेडल हलवून पाहा, मगच कापा. मधल्या भागात मी कडेला कड लावली, कारण एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या पोटात पाणी राहतं. दाराखालच्या पट्टीवर मात्र कारखान्यानेच पत्रा वर चढवून स्पॉट (वेल्डिंगचे ठिपके) मारले होते. तिथे वरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डिंगने भरली. एकावर एक बसणाऱ्या पत्र्यांच्या आतल्या बाजूंना आधी जस्ताचा प्रायमर लावला, पण भोकाच्या तळाशी तो खरवडून काढा, आणि त्या धुरात तोंड घालू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो.

त्याहून गंभीर एक गोष्ट. पत्रा पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्यात क्लोरीनवाला द्रव असेल तर आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्यापासून फॉस्जीन बनू शकतो, आणि तो वायू फुफ्फुसं निकामी करतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, डबा लांब ठेवा.

आगीचंही सांगतो. केबिनच्या खालून जुना डांबरी लेप असतो, तो वरून दिसत नाही. माझा खालच्या बाजूने पेटला तेव्हा मी हेल्मेटच्या आत होतो, मला काही कळलं नाही. बायको समोर बादली घेऊन बसली होती म्हणून वाचलो. सांध्याभोवतीचा लेप दोन्हीकडून खरवडा, नमदा पूर्ण काढा आणि काम संपल्यावर तासभर गॅरेज सोडू नका.

शेवटी ग्राइंडरही उष्णता देतो, तेव्हा घासतानाही तोच नियम: थोडं घासा, हात लावा, थांबा. मग खालून-वरून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि दाराखालच्या पोकळीत मेण. तिथली पाणी निघायची भोकं सीलरने बुजली नाहीत ना, ते तारेने तपासा. मी एक बुजवलं होतं, पहिल्या पावसानंतर आत पाणी हेलकावताना ऐकू आलं तेव्हा सापडलं.

तुमच्या ट्रकच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांचे फोटो प्रश्नात नाहीत. ते कोपरे या केबिनमध्ये तळाइतकेच सडतात. टोच्या तिथेही फिरवा आणि काय निघालं ते लिहा. तळाचे पत्रे मागवण्याआधी ते कळायला हवं, कारण कोपरा गेला असेल तर काम तिथून सुरू करावं लागेल.