फरसाणवाल्यांच्या जळक्या तेलाचं सुपरक्रिटिकल पद्धतीने बायोडिझेल केलं तर ते खरंच शाश्वत ठरेल का?

भाऊ, जळगाव-भुसावळकडचं तळून उरलेलं तेल गोळा करायचा तुमचा विचार आहे, असं प्रश्नात लिहिलंय. बायोडिझेल म्हणजे तेलाची मेथॅनॉल या अल्कोहोलशी क्रिया करून मिळणारं इंधन, आणि सुपरक्रिटिकल म्हणजे ती क्रिया फार मोठ्या तापमान-दाबाला करणं. तशा तेलाला पद्धत बरोबर निवडलीत. घोडं अडतं ते मेथॅनॉलपाशी.

साधी पद्धत मी धुळ्यात करून पाहिलीय. हातगाडीवरचं लिटरभर काळं तेल, क्रिया घडवून आणायला कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मेथॅनॉल, ६० अंश, तासभर ढवळणं. सकाळी बघतो तर बाटलीत खरवसासारखा गच्च गोळा, त्यात शेवेचा चुरा अडकलेला. बाटली उलटी केली तरी हलेना. साबण झाला होता! पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात मोकळी आम्लं (तेलाच्या रेणूपासून सुटलेली स्निग्धाम्लं) वाढतात, वर भज्यांचं पाणी. कॉस्टिक आधी त्या आम्लांनाच धरतं.

सुपरक्रिटिकलमध्ये कॉस्टिक लागतच नाही. साधारण २४० अंश आणि ८० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट) वर गेलं की मेथॅनॉल धड द्रव राहत नाही, धड वायूही नाही. एरवी तेलाशी फटकून वागणारं ते मग त्यात मिसळून जातं, आणि मोकळ्या आम्लांचंही बायोडिझेलच होतं. म्हणून सरकीच्या रिफायनरीत उरणारं, आम्लांनी भरलेलं ॲसिड ऑइलसुद्धा चालतं. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या साका आणि कुस्दियाना या संशोधकांनी २००१ साली रेपसीडच्या तेलावर ३५० अंशाला हे ४ मिनिटांत करून दाखवलं. कॉस्टिक नाही म्हणजे ते धुऊन काढायचं पाणीही वाचलं. आपल्याकडच्या मे महिन्यात ही लहान गोष्ट नाही.

आता हिशोब. त्या प्रयोगात तेलाच्या एका रेणूमागे मेथॅनॉलचे ४२ रेणू होते, खर्ची पडतात फक्त ३. म्हणजे १०० किलो तेलामागे दीडशे किलो मेथॅनॉल तापवायचं आणि त्यातलं १४० किलो परत मिळवायचं. बाहेर पडणाऱ्या गरम मालावर आत येणारा गार माल तापवून घेतला नाही, तर शाश्वत वगैरे सगळं बॉयलरमध्ये जळालं समजा. शिवाय मेथॅनॉल बहुतेक नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासूनच येतं. प्रोपेनसारखा सहद्रावक (तेल आणि मेथॅनॉल एकमेकांत मिसळायला मदत करणारा पदार्थ) घातला तर तापमान, दाब आणि मेथॅनॉल तिन्ही कमी लागतात, ती वाट जरूर बघा.

पण त्याआधी दहा दुकानांच्या तेलाची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे त्यात मोकळी आम्लं किती आहेत ते, काढून आणा. मोकळी आम्लं टक्काभराच्या आत निघाली तर तेल नीट सुकवा, कॉस्टिकवरच भागेल. आणि घरच्या कुकरची शिट्टी बारभर दाबाला उडते, इथे सुरुवातच ८० पासून. तेव्हा रिॲक्टर गल्लीतल्या वेल्डरकडून करून घेऊ नका.