कमिशनरची परीक्षा कुठली?

"मॅडम, कमिशनर म्हटल्यावर परीक्षा असणारच. तिचं नाव सांगा, आम्ही उद्या क्लास लावतो."

समोर बसलेले काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. शेजारी सव्वीस वर्षांची लेक, नजर टेबलावर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) राज्यसेवेचे तीन प्रयत्न झालेले, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत मजल. आणि आता तिनं घरात जाहीर केलं होतं, मला फिल्म कमिशनर व्हायचंय. म्हणजे आपल्या शहरात सिनेमे, मालिका, जाहिरातींची चित्रीकरणं आणणारी, त्यांची सोय लावणारी व्यक्ती.

ज्या कामाची ना परीक्षा, ना जाहिरात, ना पेन्शन, त्याच्यामागे पोरांनी उमेदीची वर्षं घालवायची का, ही चिंता घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला मागायला येणारे पालक हल्ली वाढलेत. काकांचं गणित सरळ होतं. खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, मग आताच माघार कशाला?

खरं सांगते, पहिल्या भेटीत मलाही ती पळवाटच वाटली. निकाल लागला की मुलं काहीतरी झगमगीत नाव धरून बसतात, हे बऱ्याचदा पाहिलंय. त्यामुळे मी तिला फक्त एकच विचारलं, हे सुचलं कुठून? ती म्हणाली, "वाईजवळ मेणवलीला मावशी असते. तिथला घाट सिनेमात सारखा दिसतो. मग आपला गोदाघाट का नाही?"

प्रश्न बरा होता. पण नाशिककर या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतात: दादासाहेब फाळके आमचेच. खरंच आहे ते. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म, १९१८ मध्ये नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी, १९४४ मध्ये इथेच निधन. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारकही आहे. एवढं म्हणून आपण थांबतो. स्मारकाकडे बघून चित्रीकरणाचं युनिट येत नाही.

काकांना आधी पदाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत युटा राज्यातलं मोआब नावाचं लहानसं गाव. तिथल्या एका गुरं पाळणाऱ्या माणसाच्या पुढाकाराने १९४९ मध्ये चित्रीकरणवाल्यांना गावात आणण्यासाठी समिती निघाली. या कामाची सुरुवात तिथून मानतात. न्यूयॉर्कच्या महापौरांनी १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालयच काढलं. आपल्याकडे शहराला असा अधिकारी नसतो. राज्याचं चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ आहे, गोरेगावची चित्रनगरी तेच चालवतं, आणि तिथली वरची खुर्ची बहुधा आयएएस अधिकाऱ्याकडे असते. देशपातळीवर २०१५ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची सुविधा यंत्रणा आहे.

काका लगेच म्हणाले, "बघा, शेवटी आयएएसच!"

मी म्हटलं, खुर्चीसाठी, हो. पण काम खुर्चीखाली होतं. रेकीला, म्हणजे जागा दाखवायला, माणसं फिरवणं, परवानग्या, पोलिस बंदोबस्त, हॉटेलच्या खोल्या, स्थानिक कामगार, आणि रात्री दोनला जनरेटरच्या आवाजाने उठलेल्या सोसायटीची समजूत. हे आज लोकेशन मॅनेजर आणि लाइन प्रोड्युसर करतात, आणि त्यासाठी कुठलीच परीक्षा नाही.

मुलीला गृहपाठ दिला. सिनेमाबद्दल एक शब्द नको. नाशिकमधली पाच ठिकाणं घे. प्रत्येक ठिकाणी परवानगी कुणाची, गाड्या कुठे लागणार, साठ माणसांनी स्वच्छतागृहाला जायचं कुठे, एवढंच लिहून आण. ज्याला नुसतं पद हवं असतं तो अशा गृहपाठानंतर परत येत नाही, हा माझा अनुभव.

ती तीन आठवड्यांनी आली. वही भरलेली. पांडवलेणी पुरातत्त्व विभागाकडे, तेही केंद्राच्या. हरिहरला वनखातं, गंगापूर धरणाला जलसंपदा, नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य म्हणजे वन्यजीव विभाग, आणि पक्षी हिवाळ्यात, म्हणजे नेमके युनिटला हवे तेव्हा. देवळालीला तोफखाना, ओझरला विमानतळ, तेव्हा ड्रोन उडवण्याआधी नकाशावरचे लाल-पिवळे पट्टे तपासायचे. द्राक्षबागेचा मालक हो म्हणतो, पण काढणीच्या दिवसांत कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ घालू देणार नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईचा रस्ता सोपा झालाय, तरी मुक्काम आला की राहणं, जेवण, बत्ता (माणशी रोजचा भत्ता) वाढतो, हेही तिनं एका प्रॉडक्शनवाल्याला फोन करून विचारून ठेवलं होतं.

पण पाचात गोदाघाटावरचं रामकुंड नव्हतं. घाटावरूनच तर सगळं सुरू झालेलं!

"मॅडम, मी तिथे दोन सकाळी बसले. एक माणूस वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. त्याला कोण सांगणार, जरा थांबा, शॉट चालू आहे? शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर. मी रामकुंड यादीतून काढलं."

त्या वाक्याला माझा संशय फिटला. मेणवलीचा घाट आणि रामकुंड यांतला फरक तिला कळला होता, आणि या कामात 'नाही' कधी म्हणायचं हेही. हे शिकवता येत नाही.

पैशांचं बोलणं मात्र मी लांबवलं, कारण तिथेच घरं फुटतात. या क्षेत्रात सुरुवातीला रोजावर काम, महिना सलग भरेल याची खात्री नाही, बिलं उशिरा निघतात. तेव्हा नियमित पैसे देणारं अर्धवेळ काम हातात ठेवायचं (ती एका क्लासमध्ये सामान्यज्ञान शिकवायला लागली), दीड वर्षाची मुदत, आणि तोवर घरात परीक्षेचा विषय काढायचा नाही. मुदतीनंतर आकडे समोर ठेवून पुन्हा बसायचं. राज्यसेवेचा अभ्यास वायाही गेला नव्हता. कुठला अर्ज तहसीलदाराकडे आणि कुठला वनाधिकाऱ्याकडे, हे तिला तोंडपाठ. पहिलं काम तिला त्याच जोरावर मिळालं. एका जाहिरातीच्या चित्रीकरणात, लोकेशन सहायक म्हणून, चार दिवस, त्र्यंबक रस्त्याला, भर आषाढात.

काका त्या वेळी गप्प होते असं ती सांगते. तिसऱ्या दिवशी युनिटच्या व्हॅनिटी व्हॅनच्या संडासाची टाकी तुंबली आणि जवळपास काहीच सोय नव्हती. तिनं घरी फोन केला, रडवेली. नात्यातल्या प्रत्येक लग्नात काकांकडे कार्यालय ठरवायचं काम असतं, हे मला तेव्हाच कळलं.

"अगं, चातुर्मास लागला," ते म्हणाले, "मुहूर्त नाहीत, मंगल कार्यालयं रिकामी पडलीत. संडास, स्वयंपाकघर, पार्किंग, सगळं आहे. थांब, मालकाला फोन लावतो."

मागच्या आठवड्यात ते एकटेच आले होते. दीड वर्षाला अजून पाच महिने आहेत. हातात वही होती, त्र्यंबक ते इगतपुरी पट्ट्यातल्या एकवीस कार्यालयांची, मालकांच्या नंबरांसकट. विचारत होते, ही टाइप करून कुठे मिळेल?