ज्येष्ठांच्या सेवा आणि काउंटीचा पैसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : अमेरिकेतील काउंटीने ज्येष्ठांची एखादी सेवा कमी केली किंवा एखादे अनुदान नाकारले, तर त्यामागचा निर्णय कोण आणि कशाच्या आधारावर घेते. काउंटी हा राज्य आणि गाव यांच्या मधला स्थानिक शासनाचा स्तर आहे. तिचे कमिशनर आपल्याकडच्या महापालिका आयुक्तांसारखे नेमलेले अधिकारी नसतात. जिल्हा परिषदेच्या सदस्यांप्रमाणे ते लोकांनी निवडून दिलेले असतात. एवढे ध्यानात ठेवले तर पुढची उत्तरे समजायला सोपी जातील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे वडील ७८ वर्षांचे असून त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते. काउंटीची ज्येष्ठांसाठीची बस आता हव्या त्या वेळी मिळत नाही आणि विचारले की ‘अनुदान कमी झाले’ असे उत्तर येते. आमचा मालमत्ता कर मात्र दरवर्षी वाढतो. मग हा पैसा जातो कुठे?

उत्तर : तुमचा मालमत्ता कर आणि तुमच्या वडिलांची बस यांचा संबंध तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही. कराच्या बिलातला सर्वांत मोठा वाटा शाळांचा असतो, त्यानंतर गावाचा आणि काउंटीचा. काउंटीच्या वाट्यावरही २०१० च्या कायद्याने मर्यादा घातली आहे : काही ठरावीक अपवाद वगळता, करातून उभी करायची एकूण रक्कम वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पगार, आरोग्य विमा आणि इंधन यांचा खर्च मात्र त्या २ टक्क्यांसाठी थांबत नाही.

न्यू जर्सीतील ज्येष्ठांच्या बससेवेला मिळणारा राज्याचा पैसा मुख्यतः कॅसिनोंतून येतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. १९७६ साली मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनो काढायला मंजुरी दिली, तेव्हा त्यातून मिळणारा महसूल ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी खर्च करायचा, ही अट होती. कॅसिनोंच्या एकूण प्राप्तीवरचा ८ टक्के कर त्यासाठीच्या वेगळ्या निधीत जमा होतो. त्या निधीचा ८.५ टक्के हिस्सा एनजे ट्रान्झिट या राज्याच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेमार्फत वाहतुकीसाठी राखलेला आहे आणि त्याचा बहुतांश भाग २१ काउंट्यांना वाटून दिला जातो. २००६ पर्यंत ही व्यवस्था चांगली चालली. त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाले, पुढे मंदी आली आणि २०१४ या एकाच वर्षात अटलांटिक सिटीतील चार कॅसिनो बंद पडले. २०१३ च्या अखेरीस सुरू झालेल्या ऑनलाइन जुगारावरील कराने हा निधी काहीसा सावरला, पण मधल्या काळात काउंट्यांनी फेऱ्या कमी केल्या, चालकांच्या रिकाम्या जागा भरल्या नाहीत आणि नवी नोंदणी आवरती घेतली. वृद्ध माणसाला दवाखान्यात नेण्यासारखी गरज इतक्या चंचल उत्पन्नावर टांगून ठेवणे हे धोरण म्हणून चूकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण अलीकडचे आहे. २०२१ च्या केंद्रीय मदत कायद्याने देशभरातील काउंट्यांना थेट ६५.१ अब्ज डॉलर दिले. हा पैसा एकदाच मिळणारा होता : ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत तो कोणत्या कामाला द्यायचा हे करार करून बांधून टाकायचे होते आणि तो खर्च करायला ३१ डिसेंबर २०२६ ही मुदत आहे. काही काउंट्यांनी त्यातून घरपोच जेवण आणि वाहतूक वाढवली. ज्या सेवेचा पुढचा खर्च कोण उचलणार हे तेव्हा ठरले नव्हते, ती सेवा आता आकसते आहे. म्हणून ‘अनुदान कमी झाले’ असे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारावा : कोणते अनुदान, कॅसिनो निधीचे, केंद्राचे की काउंटीच्या स्वतःच्या तिजोरीतले? उत्तर लेखी मागावे, कारण दाद कुठे मागायची हे त्यावरूनच ठरते.

तुमच्या वडिलांसाठी मात्र त्या उत्तराची वाट पाहू नका. त्यांना मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना, असेल तर वैद्यकीय उपचारांसाठी ने-आण करण्याची जबाबदारी मेडिकेडची आहे. तिचा काउंटीच्या अंदाजपत्रकाशी संबंध नाही. मेडिकेड नसेल आणि अपंगत्वामुळे त्यांना नेहमीच्या बसने जाता येत नसेल, तर एनजे ट्रान्झिटच्या ॲक्सेस लिंक या अपंगांसाठीच्या वाहनसेवेसाठी अर्ज करा. ही सेवा १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली द्यावीच लागते. स्थानिक बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्यांना आणि त्याच पट्ट्यात जाणाऱ्यांना ती मिळते. भाडे पडते, पण ‘आज जागा नाही’ म्हणून पात्र माणसाला परत पाठवता येत नाही.

प्रश्न : आई दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आली. तिला मेडिकेअर नाही. ज्येष्ठ केंद्रातल्या जेवणाला ती पात्र आहे का? फुकटचे घेतले असे तिला वाटू नये, हीदेखील माझी काळजी आहे.

उत्तर : मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आणि ज्येष्ठ केंद्रातले जेवण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. इथे नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षे राहिल्यानंतर, वयाच्या ६५ नंतर, हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. त्यातील रुग्णालयाच्या भागाचा पूर्ण हप्ताच महिन्याला ५०० डॉलरहून अधिक आहे, त्यामुळे त्याची तजवीज आतापासून करून ठेवावी. जेवणाची योजना मात्र १९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’खाली चालते. तिला वयाची अट ६० वर्षांची आहे, उत्पन्नाची चौकशी करायला कायद्याने मनाई आहे आणि प्रत्येक जेवणात दिवसाच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग असावा लागतो. केंद्रात देणगीचे पाकीट किंवा डबा ठेवलेला असतो. त्यात किती टाकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि काही टाकले नाही म्हणून कुणाला जेवण नाकारता येत नाही. आईंना संकोच वाटत असेल तर त्यांना परवडेल ते त्या पाकिटात घालू द्या. तो पैसा त्याच केंद्राच्या जेवणावर खर्च होतो.

नोंदणीचा अर्ज मात्र पूर्ण भरा. घरी कोणती भाषा बोलतात, एकट्या राहतात का, दिवसभर घरात सोबतीला कोण असते, या रकान्यांकडे आपली मंडळी ‘कशाला सांगायचे’ म्हणून दुर्लक्ष करतात. त्याचे परिणाम पुढच्या उत्तरात येतातच.

प्रश्न : आमच्या मंडळाने मराठी ज्येष्ठांच्या साप्ताहिक मेळाव्यासाठी आणि जेवणासाठी काउंटीकडे अनुदान मागितले. अर्ज नामंजूर झाला. वीस वर्षे काम करणाऱ्या संस्थेला असे उत्तर का मिळावे?

उत्तर : तुमचा अर्ज मी पूर्ण वाचला. काम चांगले आहे, पण अर्जाची भाषा देणगीदाराला लिहिलेल्या पत्राची आहे. काउंटी देणगी देत नाही, ती सेवा विकत घेते. तिच्या कराराचे एकक असते : एक जेवण, एक फेरी, एक तासाची सोबत. वर्षात किती ज्येष्ठांना किती जेवणे द्याल आणि एका जेवणाचा खर्च किती, हा आकडा तुमच्या अर्जात कुठेच नाही. दिवाळीचा कार्यक्रम आणि सहल यांचे फोटो मात्र आहेत.

दुसरी अडचण पैशाच्या क्रमाची आहे. अशा करारांत बहुधा आधी खर्च करावा लागतो, मग बिल पाठवायचे आणि ते तपासल्यानंतर पैसे मिळतात. दोन-तीन महिन्यांचा खर्च आपल्या खात्यातून भागवता येईल का, हे कार्यकारिणीने अर्जापूर्वी ठरवायला हवे. शिवाय केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या सेवांसाठी निदान १५ टक्के वाटा केंद्र सरकारबाहेरून उभा करावा लागतो आणि काउंटी त्याचा काही भाग संस्थेकडून मागते. इथे तुमची बाजू मजबूत होऊ शकते, कारण हा वाटा रोखच हवा असे नाही. स्वयंसेवकांचे तास, विनामूल्य मिळालेली जागा यांची किंमत धरता येते, मात्र तासांची नोंद सहीनिशी ठेवलेली असावी लागते. तुमच्या मंडळात दर शनिवारी पंधरा माणसे राबतात आणि त्यांची एका ओळीचीही नोंद नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘आमच्या काउंटीत मराठी ज्येष्ठ पुष्कळ आहेत’ असे तुम्ही लिहिले आहे, पण अधिकाऱ्याला ते दिसणार कसे? जनगणना खात्याच्या वार्षिक सर्वेक्षणाच्या भाषाविषयक तक्त्यात हिंदी, गुजराती, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय भाषा’ अशा एकत्र ओळीत मोजली जाते. त्यामुळे आपले आई-वडील सरकारी आकड्यांत वेगळे दिसत नाहीत. ही उणीव दोनच गोष्टी भरून काढू शकतात : ज्येष्ठ केंद्रांतील नोंदणी अर्ज आणि संस्थेने स्वतः केलेली यादी, जिच्यात वय, गाव, एकटे राहणे आणि गरज लिहिलेली असेल. तशी यादी हाती आली की पुढच्या वेळी स्वतंत्र कंत्राट मागण्याऐवजी, काउंटीसाठी आधीपासून जेवण पुरवणाऱ्या संस्थेकडे जा आणि आठवड्यातून एक दिवस शाकाहारी भारतीय जेवणाचे केंद्र आपल्या जागेत चालवण्याचा प्रस्ताव द्या. जेवण ठरवताना सांस्कृतिक आवडीनिवडी शक्य तितक्या सांभाळाव्यात, असे कायदाच सांगतो. परवाना असलेले स्वयंपाकघर आणि आहारतज्ज्ञाची मंजुरी हे त्या संस्थेकडे असते. तुमच्याकडे माणसे आहेत.

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. मतपत्रिकेवर ज्येष्ठ सेवांसाठीची ‘लेव्ही’ आली आहे. घराची किंमत वाढल्याने त्यांना आपोआप जास्त पैसे मिळतच असतील, मग पुन्हा का द्यायचे?

उत्तर : ओहायोच्या ८८ काउंट्यांपैकी अनेक काउंट्या ज्येष्ठांसाठी मतदारांकडून असा वेगळा कर मंजूर करून घेतात आणि तो अधिकाधिक पाच वर्षांसाठी असतो. तुमची शंका रास्त आहे, पण इथे ते गृहीतक लागू होत नाही. १९७६ च्या एका कायद्यानुसार, मतदारांनी मंजूर केलेल्या अशा लेव्हीचा प्रत्यक्ष दर घरांच्या फेरमूल्यांकनानंतर खाली येतो, जेणेकरून जुन्या घरांवरून पूर्वीइतकीच रक्कम गोळा व्हावी. त्यामुळे घराची किंमत दीडपट झाली तरी ज्येष्ठांच्या सेवेचे उत्पन्न जवळपास तिथेच राहते. नव्या बांधकामांची भर पडते तेवढीच. दरम्यान मदतनिसांचे वेतन वाढते, ऐंशी ओलांडलेली माणसे वाढतात आणि घरपोच मदतीसाठी प्रतीक्षा यादी लागते.

तुमच्यावरचा बोजा असा काढा : ३,००,००० डॉलरच्या घराचे करपात्र मूल्य ३५ टक्क्यांप्रमाणे १,०५,००० होते आणि नव्या १ मिलच्या (म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला एक डॉलर) लेव्हीचे त्यावर वर्षाला १०५ डॉलर होतात. मतपत्रिकेवर हे नूतनीकरण आहे की वाढीव कर, हे नीट वाचा, कारण नूतनीकरणात बिल जवळपास आहे तेवढेच राहते. मी मतदार असतो तर नूतनीकरणाला नक्की होकार दिला असता. ते फेटाळले गेले तर पहिला फटका घरी एकट्या असलेल्या माणसाला बसतो.

प्रश्न : अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीत तीन मिनिटे बोलून काही बदलते का?

उत्तर : त्या दिवशी फारसे बदलत नाही. न्यू जर्सीत काउंटीचे अंदाजपत्रक मांडल्यानंतर किमान २८ दिवसांनी सुनावणी होते. तोवर आकडे बहुतेक जुळवून झालेले असतात. खरी वेळ आदल्या वर्षीची आहे, जेव्हा खाती आपली मागणी लिहितात आणि ज्येष्ठ सेवा कार्यालय आपला क्षेत्रीय आराखडा, म्हणजे आपल्या भागातील ज्येष्ठांच्या सेवांची योजना, तयार करते. त्या आराखड्याचीही जाहीर सुनावणी होते. तिथे बहुधा मोजकीच माणसे येतात, म्हणून नेमके मागणे लेखी देणाऱ्याचे म्हणणे नोंदले जाते.

त्याहून उपयोगी मार्ग म्हणजे या कार्यालयाची सल्लागार समिती. केंद्रीय नियमांनुसार तिचे निम्म्याहून अधिक सदस्य स्वतः ज्येष्ठ असावे लागतात आणि त्यांत अल्पसंख्य समाजांतील ज्येष्ठांनाही स्थान द्यावे लागते. रिकाम्या जागेची चौकशी करणारे पत्र काउंटीच्या ज्येष्ठ सेवा कार्यालयाला लिहा. अर्जदार म्हणून स्वतःचे नाव घालू नका, आई किंवा वडिलांचे घाला. इंग्रजी अडखळत असेल तर बैठकीत दुभाषी मिळावा, ही मागणी त्याच पत्रात करा.